थर्टीएट-फिफ्टीफाइव्हला हळदकुंकू

आमच्या घराण्यात ढेकणापेक्षा मोठं जनावर कोणी मारल्याचं ऐकिवात नाही. झुरळालाही आम्ही आधी दार उघडून बाहेर जायची संधी देतो आणि मगच चप्पल शोधतो. अशा कुळात जन्मलेल्या माणसाला अमेरिकेतल्या मेन राज्याने एक मूस मारण्याचा परवाना दिला, तेव्हा माझ्या बायकोला इतकं हसू फुटलं की आमटीची फोडणी करपली.

परवाना मी मागितला होता हे खरं, पण शेजाऱ्यासाठी. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी तिथल्या एका पेपर मिलमध्ये केमिकल इंजिनियर होतो. वारा फिरला की सगळ्या गावाला शिळ्या कोबीचा वास यायचा, आणि तो वास म्हणजे आमचा पगार. शेजारी त्याच मिलमधून रिटायर झालेला, सत्तरी ओलांडलेला, बायको गेलेला आणि फाटक्या तोंडाचा. घरात आम्ही त्याला नुसतं म्हातारा म्हणायचो. आम्ही तिथे राहायला गेलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्याने न विचारता आमच्या दारातला बर्फ काढला, आणि फावडं कसं धरू नये यावर मला दारातच भाषण दिलं. त्यानंतर आमची दोस्ती जमली.

मूस म्हणजे सांबराचा थोरला चुलता. घोड्यापेक्षा उंच, म्हशीच्या रंगाचा, आणि शिंगं अशी की जणू दोन सुपं डोक्याला बांधली आहेत. म्हाताऱ्याच्या ऐन विशीत त्यांची शिकार बंद झाली ती त्याचे केस पिकल्यावर उघडली, तीही चिठ्ठ्या टाकून. ज्याचं नाव निघेल त्याने एक जोडीदार न्यायचा. दोघांपैकी कोणीही गोळी झाडावी, पण जनावर एकच. म्हातारा दरवर्षी अर्ज करायचा आणि दरवर्षी कोरडा राहायचा. शेवटी त्याने आळीतल्या प्रत्येकाला अर्ज करायला लावला आणि पहिल्याच फटक्यात माझं नाव निघालं. दात आहेत तिथे चणे नाहीत, तसलाच प्रकार. काही दिवस त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मीच कुंपणापाशी जाऊन म्हणालो, "जोडीदार तुम्ही. बंदूक तुम्ही चालवायची, मी थर्मास धरतो."

"थर्मासात काय असेल?" त्याने विचारलं. चहा म्हटल्यावर त्याने तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाला.

त्याला मूस मारायचा होता तो बापाच्याच बंदुकीने. बापाने याच बंदुकीने मारले होते, आजोबाने मारले होते, आणि याची पाळी आली तेव्हा सरकारने दार लावून घेतलं. आयुष्यभर उराशी धरलेली ही एकच हौस होती. बंदूक खाली दांडा असलेली, दांडा पुढे ढकलून मागे ओढला की रिकामं काडतूस उडतं आणि नवं आत बसतं. काडतुसाचं नाव थर्टीएट-फिफ्टीफाइव्ह. पहिला आकडा नळीच्या मापाचा, दुसरा काडतुसात मावणाऱ्या जुन्या जमान्यातल्या काळ्या दारूच्या वजनाचा, म्हणजे नावावरूनच वय कळावं. नळीखालच्या दुसऱ्या नळीत काडतुसं एकामागे एक झोपतात. एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडाला टेकतं, म्हणून नाक बोथटच ठेवावं लागतं, नाहीतर आतल्या आत स्फोट. दुकानात ती मिळेनाशी झाली होती. म्हातारा तळघरात बसून स्वतः भरायचा. जाडजूड, आळशी गोळी. लांबवर जाईपर्यंत तिला कंटाळा येतो, तेव्हा जनावराच्या जवळ जाण्याला पर्याय नव्हता. मिलमधली पोरं मोठ्या दुर्बिणीच्या रायफली घेऊन फिरायची. ती म्हणायची, "हिने मूसला गुदगुल्या होतील." त्यांनी हिला दुर्बीण लावून देतो म्हटलं, तर त्याने त्यांना शिव्या घातल्या. माझ्याकडून मात्र त्याने वाळूच्या खाणीत सराव करून घेतला. जोडीदाराला बंदूक आली पाहिजे म्हणाला. माझा खांदा आठवडाभर निळा होता.

शिकारीचा आठवडा सोमवार ते शनिवार, आणि तो नेमका नवरात्रात आला. त्यातून सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी घट बसला होता. सासूबाईंच्या माहेरी मटणाशिवाय पाहुणचार होत नसे, त्यामुळे मूसच्या बेताला त्यांची हरकत नव्हती. मसाला त्यांनी आधीच भाजून ठेवला होता. फक्त दसऱ्याआधी घरात मांस नको, एवढंच.

सोमवारी पाऊस, मंगळवारी पाऊस, बुधवारी ऊन आणि फक्त खारी. गुरुवारी खंडेनवमी होती. पहाटे म्हातारा बंदूक घेऊन मला न्यायला आला, तर सासूबाईंनी पाटावर सगळी हत्यारं मांडलेली. सुटकेसमधून आणलेली विळी, शिवणयंत्र, मिक्सर, माझा कॅल्क्युलेटर. त्यांनी बंदुकीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"जावईबापू, खरं शस्त्र दारात आलं अन् आपण मिक्सरची पूजा करून ऱ्हायलो. काही वाटते का?"

मी म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. मला वाटलं, हसेल आणि निघेल. पण तो गंभीर झाला. त्याने बंदूक रिकामी केली, पुन्हा एकदा आत डोकावून तपासली, आणि पाटावर ठेवली. काडतुसं शेजारी ओळीने मांडली. सासूबाईंनी बंदुकीला हळदकुंकू लावलं, सुपरमार्केटची शेवंती वाहिली आणि मूठभर अक्षता टाकल्या. हात सढळ होता. मग म्हणाल्या, "भाऊ, आता उद्यापर्यंत हात नाही लावायचा बरं. आज त्यांचा आराम."

सहातले तीन दिवस गेलेले आणि चौथा या बाईने आरामात घातला. मी अक्षरशः चिडलो. म्हणालो, "असं नियमावर बोट ठेवलं तर मूस काय पुढच्या नवरात्रापर्यंत थांबणार आहे?" सासूबाईंनी मला चहा दिला. म्हातारा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, त्याच्या आईने रविवारी बंदूक भिंतीवरून कधी काढू दिली नाही, आयांशी वाद घालू नये. दिवसभर दोघं आमच्या स्वयंपाकघरात बसून होती. त्या मराठीत, तो इंग्रजीत, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. माझ्याच घरात माझं कोणी ऐकत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही एका दलदलीपाशी पोचलो. म्हाताऱ्याने बर्चच्या सालीचा कर्णा तोंडाला लावून मादीची हाक दिली. पोटात दुखणाऱ्या म्हशीचा आवाज. बराच वेळ काही नाही. मग समोरच्या झुडपांत फांद्या मोडल्या आणि नर बाहेर आला. मी थर्मास छातीशी धरून उभा होतो. असलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अंतर आमच्या अंगणाएवढं. म्हाताऱ्याने नेम धरला, झाडली, आणि गोळी कुठे गेली ते त्या जंगलालाच माहीत. मूसने फक्त मान वर केली. देव तारी त्याला कोण मारी.

म्हाताऱ्याने दांडा पुढे ढकलला. तो अर्ध्यात अडकला. मागे येईना, पुढे जाईना. दात ओठ खात त्याने दोनदा झटका दिला. मी बंदूक त्याच्या हातातून काढून उलटी केली आणि नखाने आत खरवडलं, तर तांदळाचा एक दाणा निघाला. कुंकवाने लाल. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात तसं झालं. दांडा खट्‌कन बसला. मूस अजून तिथेच, आमच्याकडे तोंड करून. त्याला मादी हवी होती आणि मिळाले दोन पुरुष.

मी बंदूक परत दिली. म्हाताऱ्याने ती खांद्याला लावली. मी वाट पाहिली. नळी थोडी डावीकडे गेली, मग उजवीकडे. मग तो अगदी हळू म्हणाला, "कुठे आहे?"

मला आधी कळलंच नाही. "समोर," मी म्हणालो. "ते काय, समोर."

मग त्याने बंदूक खाली केली आणि माझ्यापुढे धरली. "तू मार," तो म्हणाला. मी नको म्हणालो. "मार," तो म्हणाला, "तो निघून जाईल." मी नेम धरला तो मूसवर रागवून नव्हे, आणि हौसेनेही नव्हे. त्या म्हाताऱ्याने रिकाम्या हाताने परत जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. मी झाडली. मूस दोन पावलं चालला, विचारात पडल्यासारखा थांबला, आणि गुडघ्यांवर बसला. मग आडवा झाला. मला रडू आलं आणि मला फार आनंदही झाला, आणि दोन्हींची मला सारखीच लाज वाटली.

म्हातारा त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसला. हातमोजे काढून त्याने शिंगांवरून बोटं फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग नाकावरून, मग गळ्याखालच्या झोळीवरून. घाई नव्हती. मी बाजूला उभा होतो आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की सोमवारपासून लाकूडतोड्यांच्या त्या वळणावळणाच्या रस्त्यांवर मला हाच माणूस ट्रकमधून फिरवत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वसंतापासून," तो म्हणाला. "डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यांनी गाडीचं लायसन्स काढून घेतलं असतं. मग इथे कोण आणणार होतं मला?"

मी आणलं असतं, हे मी म्हणालो नाही. त्याने मला विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर तो तो राहिला नसता. तो उठला, पँटवर हात पुसले, खिशात हात घातला आणि ट्रकच्या किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या.

"मदतीला माणसं घेऊन ये," तो म्हणाला. "मी बसतो याच्यापाशी. आणि दुसरा गिअर दाबून टाक, नीट पडत नाही."

मी ट्रक सुरू केला. आरशात तो दिसत होता, मूसच्या पाठीला टेकून बसलेला, आणि मी त्याला हात केला. त्याने केला नाही.