परिसंवाद विधवांचा, हळदीकुंकू सवाष्णींचं

नागपूर हिवाळ्यातच बघावं म्हणतात. आम्ही सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, माघात गेलो, पुण्याहून रात्रीच्या गाडीनं. माझ्या आत्याला तिथून बोलावणं आलं होतं. इंग्रज अमदानीतल्या स्त्री-सुधारणेच्या वादांवर परिसंवाद होता. त्या काळात नागपुरातच माझ्या आजीनं, म्हणजे आत्याच्या आईनं, विधवा असताना दुसरं लग्न केलं होतं. ती हकिकत सांगणारी आता आत्याच उरली होती. आदल्या वर्षीच ती स्वतःही विधवा झालेली. आईबद्दल एकदा तरी चारचौघांत बोलायचं, एवढंच तिला हवं होतं.

स्टेशनवर सायकलरिक्षाचा भाव आधीच ठरवा, नाहीतर सीताबर्डीची फुकटची प्रदक्षिणा घडते. सकाळी तर्री-पोहे खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी बशी मागवलीच. इथपर्यंत नागपूरबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

सभागृहाच्या दारात एक बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी. मला कुंकू लावलं, फूल दिलं. आत्याचं मोकळं कपाळ बघितलं आणि ताट मागच्या बाईकडे सरकलं. दिवसभर विधवांच्या दुःखावर बोलायचं, आणि स्वागत कुणाचं, तर सवाष्णींचं! समई आत्या लावणार होती, ती ऐनवेळी अध्यक्षांच्या पत्नीनं लावली.

"शुभकार्य आहे नं बाई, मनावर नका घेऊ," अध्यक्ष म्हणाले.

वक्ते सगळे पुरुष. केशवपनावर बोलताना एकाचा गळा दाटून आला, तोही माइकच्या अगदी जवळ जाऊन. मला संताप आवरेना. दुपारच्या जेवणातली वांग्याची भाजी मात्र भाषणांपेक्षा ताजी होती.

शेवटी आत्याला 'दोन शब्द' मिळाले. लहानपणीची बोली तिच्या तोंडात आपोआप आली.

"माह्या आईनं दुसरं लगन केलं, तवा तिले हळदीकुंकवाले कोनी बोलवत नोतं. मले आज बोलावलं, अन् ताट पुढं नेलं. झाली सुधारणा!"

एवढं बोलून ती खाली बसली. ताटवाली बाई धावत आली. "लावू का, मावशी?"

"आता काहून वं? सकाळी बी मी इथंच होती."

परतीच्या प्रवासभर मी नागपूरच्या नावानं बोटं मोडली. मग चैत्रात पुण्याला माझ्या घरी हळदीकुंकू केलं आणि पहिलं कुंकू आत्याला लावलं. तिनं कपाळ पुढे केलं. आमच्या सुशिक्षित गल्लीतल्या दोघीतिघींनी लगेच पन्ह्याचे पेले खाली ठेवले. गॅसवर दूध ठेवलंय म्हणे! सगळ्यांच्याच घरी, एकाच वेळी.

आंब्याची डाळ, पन्हं भरपूर उरलं. आत्यानं पदर खोचला.

"आण इकडं," ती म्हणाली. आम्ही दोघी जेवायलाच बसलो.