कड्याखालच्या वहाणा

येडशीच्या रामलिंगाजवळ आमच्या शाळेचा चार दिवसांचा तळ पडला, तेव्हा मी इतिहास शिकवत होतो आणि बऱ्याच गोष्टी आपल्याला कळतात असं मला वाटत होतं. निजामाच्या राज्यात तपासणीला साहेब येणार म्हटलं की शाळेतलं शिकवणं थांबे आणि कमानी उभ्या राहू लागत. या खेपेला कमानीनं भागणार नव्हतं. हेडमास्तरांना असं सुचलं की साहेब ओढ्याकाठी खुर्चीवर बसतील आणि समोरच्या कड्याच्या माथ्यावर सरकारी पिवळा झेंडा उलगडेल. तो उलगडला की बिगुल वाजेल. झेंडा घेऊन चढणारा माणूस साहेबांना नीट दिसावा म्हणून एका जहागीरदाराची दुर्बीण मागून आणली होती. तिची एक काच तडकलेली होती, पण थाटाला एक काच पुरते.

चढायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता. आमच्यात बेंबळीकडचा एक तरुण मास्तर होता, धनगराच्या घरातला. त्याचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. बोटांना शाई लागलेला घराण्यातला तो पहिलाच. दोन वर्षं तो हंगामी होता. या तपासणीत साहेबांची सही झाली तर तो मुस्तकील, म्हणजे कायम होणार होता. नाही झाली तर उन्हाळ्यात पुन्हा मेंढरं. हे त्याला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि हेडमास्तरांना तर फारच चांगलं माहीत होतं.

कड्याच्या पायथ्याशी एक सपाट शिळा होती. वर शेरडं नेणारे, डिंक काढणारे, सगळे त्या शिळेवर वहाणा काढून ठेवत आणि अनवाणी चढत. विचारलं तर म्हणत, वर देवाची जागा आहे. पहिल्याच दिवशी मी यावर एक छोटं व्याख्यान दिलं. वर देऊळ नाही, मूर्ती नाही, शेंदूर फासलेला धोंडासुद्धा नाही. तरी जो देव तिथं नाहीच, त्याच्यापुढंही आपला माणूस पाय उघडे करतो, असं काहीतरी मी बोललो. सगळे हसले. तो तरुण मास्तरही हसला, पण जरा उशिरा.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगीत तालीम ठरली. दिवाळी होऊन गेली होती, तरी कड्याच्या वरच्या अंगातून पाणी पाझरत होतं आणि काळा दगड तेल लावल्यासारखा चमकत होता. रोज ओढ्यावर उतरणारी वानरं त्या दिवशी उतरली नाहीत. मधूनच वरून एखादा खडा सुटे. त्याचे दोन टप्पे ऐकू येत, मग बराच वेळ काहीच नाही.

त्यानं झेंड्याची काठी पाठीला बांधली, शिळेपाशी आला आणि वहाणा काढल्या. हेडमास्तरांनी दुर्बीण खाली घेतली. ते म्हणाले, साहेबांना मास्तर दाखवायचाय, मेंढका नव्हे. आहेत का कुणाकडं बूट?

बूट माझ्याकडंच होते. हैदराबादहून आणलेले, जाड तळव्यांचे, खाली खिळे मारलेले. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वर पायताण न्हाय न्यायचं म्हणत्यात, सर."

"तुझ्या त्या देवाचं मी बघून घेतो," मी म्हणालो. "कायम झालास की स्वतःचे घे."

बूट त्याला मोठे होत होते. टोकांत चिंध्या कोंबून मीच नाड्या आवळल्या.

दोन दिवस त्याला त्या कड्यावर घरच्यासारखा फिरताना मी पाहिलं होतं. आता तो दुसऱ्याचेच पाय घेऊन चढत होता. खिळे दगडावर करकरत होते. अर्ध्याच्या वर एका अरुंद पट्टीवर तो थांबला, एका हातानं कपार धरली आणि दुसरा हात बुटाच्या नाडीकडं नेला. हेडमास्तर दुर्बिणीतून बघत म्हणाले, "थांबू नको म्हणावं त्याला. साहेबांसमोर असं चालायचं नाही."

मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आमच्यात माझाच होता. मी ओरडून सांगितलं.

त्यानं नाडी सोडली आणि पाय उचलला. मग खिळ्यांचा एक लांब करकराट ऐकू आला. तो पट्टीवरून सुटला. पाठीवरची काठी सुटली आणि झेंडा हवेत पुरता उलगडला. बिगुल शाळेच्या शिपायाकडं होता. झेंड्यावर नजर ठेव आणि उलगडला की वाजव, असा त्याला हुकूम होता. त्यानं वाजवला.

साहेबांचा दौरा रद्द झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तरुण मास्तराचा बाप आला. देवळाजवळच्या झाडाखाली पोराला ठेवलं होतं, तिथं तो जाऊन बसला. पोराच्या एकाच पायात बूट होता. बापानं तो पाय पाहिला. उठला, शिळेपाशी गेला, पोराच्या वहाणा अजून तिथंच होत्या, त्यांच्या शेजारी आपल्या काढल्या आणि चढू लागला. आम्ही नको म्हणालो, ते त्यानं ऐकलंच नाही. खाली आला तेव्हा कपारीत अडकलेला दुसरा बूट त्याच्या हातात होता. तो त्यानं माझ्यापुढं ठेवला.

"मास्तर, तुमचा हाय न्हवं?"

मी हो म्हणालो.

"वरचा दगूड लई चिकना हाय," तो म्हणाला. "अंगठा रुतवून चढावं लागतंय. नुसतं सांगून कुणी ऐकत न्हाय, म्हणून देवाचं नाव सांगतो आमी."

वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं त्यानं हे सांगितलं. मग दोन्ही जोड हातात घेतले आणि अनवाणीच पोराकडं गेला.

हेडमास्तरांनी अहवालात लिहिलं की मयत आपल्या हौसेनं, परवानगीवाचून कड्यावर चढला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मी दिली नाही, आणि पुढं बरेच दिवस लोक मला धीराचा माणूस म्हणत राहिले. त्या अहवालात बुटांचा उल्लेख नव्हता. तो करा, असं मीही कुणाला म्हणालो नाही.