वाळूवर फिरवलेली गाडी

रेवस-मांडवा रस्त्याला माझं गॅरेज आहे. पंचवीसेक वर्षं लोकांच्या गाड्यांचे आवाज ऐकून पोट भरतोय. एक आवाज मात्र मी ऐकला नाही. तो वडिलांनी मला तीन वेळा सांगितला होता. ही गोष्ट आईसोडून आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो.

वडील रेवसची लाँच चालवणारे सारंग होते. इंजिनकडे न बघता, तळपायाला लागणाऱ्या थरथरीवरून काय बिघडलंय ते सांगायचे. काम सुटल्यावर त्यांनी मांडव्याच्या एका बंगल्यात ताडपत्रीखाली पडून असलेली जुनी गाडी घेतली. चारही चाकांना इंजिनाची कायम ओढ असलेली, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह. अशी गाडी आमच्याकडे क्वचितच येते. माझा हात टेम्पो-रिक्षांवर बसलेला, मी हिलाही तोच न्याय लावला. पुढचे टायर गुळगुळीत झाले म्हणून दोन नवे टाकले. मागचे झिजले होते, पण म्हटलं वर्षभर चालतील. सगळे असंच करतात.

महिन्याभरात वडील म्हणाले, "वळताना गाडी आवळते रं. सरळ जाते बेस. सुकाणू पुरता फिरवला का कोनतरी मागून धरून ठेवतंय. नि खालून गुरगुर हाय."

स्टिअरिंगला ते शेवटपर्यंत सुकाणूच म्हणायचे.

मी गाडी जॅकवर घेतली. चाकं हलवून बेअरिंग बघितली, मागे जाणारा लांब शाफ्ट हाताने पिळून बघितला, सांधे तपासले. ढिलं काहीच नव्हतं. मग ओहोटीला गाडी वाळूवर नेली. आमच्याकडे ही रीतच आहे. पोरं गाडी शिकतात ती वाळूवर, दुरुस्त झालेली गाडी तपासतात तीही वाळूवर. स्टिअरिंग पूर्ण फिरवून मी चार गोल चकरा मारल्या. गाडी कुठे अडकली नाही, की कुरकुरली नाही.

"गाडीत काही नाही, बाबा. तुमचं वय झालंय. कानाचंही आता..."

"कान?" ते म्हणाले.

पावसाळ्यानंतर जेटीजवळ गाडी वळवताना त्यांचा अपघात झाला. गाडी आवळली, त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला, ती एकदम सुटली आणि मासळीच्या क्रेटांवर गेली. कुणाला लागलं नाही. बोंबील मात्र रस्ताभर पसरले. मी पोचलो तेव्हा लोक हसत होते. एक कोळीण म्हणाली, "सारंगानू, लाँच कधी धक्क्याला लावलीव न्हाय अशी!" वडीलही हसायचा प्रयत्न करत होते. मला बघून म्हणाले, "तिनं धरलं रं परत."

सगळ्यांसमोर मी हात पुढे केला. "चावी द्या, बाबा. आता सुकाणू सोडा."

लोक आणखी हसले. त्यांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. ज्या माणसाने आयुष्यभर माझ्या कामात खोट काढली, त्याची खोट चारचौघांत निघाली होती. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले.

चावी गॅरेजातल्या खिळ्याला लागली. वडील थोडे दिवस एसटीने जेटीवर जात राहिले. सकाळची लाँच सुटताना बघायची, जुन्या सोबत्यांबरोबर चहा घ्यायचा, एवढंच त्यांचं जाणं. पण जो तो विचारायचा, "गाडी कुठाय?" मग त्यांनी जाणं बंद केलं.

एकदा ते गॅरेजात आले. हातात नायलॉनची दोरी होती. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"पुढचं नि मागचं एक न्हाय रं," ते म्हणाले.

"बाबा, बसा जरा. गिऱ्हाईक आहे."

ते जुन्या टायरांच्या चळतीवर बसले. मी बसलेल्या माणसाला विसरलो. मान वर केली तेव्हा ते निघून गेले होते. घरी विचारलंही नाही. पुढच्या वर्षी छातीत कफ झाल्याचं निमित्त झालं आणि ते गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर आईला मुरुडला मावशीकडे न्यायचं होतं. माझी गाडी कामात उघडली होती, म्हणून त्यांची काढली. वाटेत पेट्रोल पंपाच्या आवारात पूर्ण वळण घेतलं आणि गाडी आवळली. मागून कुणीतरी धरून ठेवावं तशी. खालून गुरगुर आली.

परत आल्यावर टेप घेऊन चाकाचा घेर मोजला. पुढच्या नव्याचा आणि मागच्या झिजलेल्याचा. दोन बोटांचा फरक होता. साध्या गाडीत तो चालून जातो. हिच्यात चारही चाकं आतून एकमेकांना जोडलेली, त्यामुळे लहानमोठ्या चाकांचा पीळ मधल्या जोडणीवर पडतो, आणि ती कधीच कडक होऊन बसली होती. वळताना पीळ आणखी वाढतो. ओल्या वाळूत चाक घसरतं आणि पीळ निघून जातो. डांबर घसरू देत नाही. म्हणजे ज्या एका जागी हा दोष दिसणार नाही, नेमकी तीच जागा मी शोधली होती.

आणि मग ती दोरी आठवली. घेर दोरीनेही मोजता येतो.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. टायर मी टाकले, तपासणी मी चुकवली, चावी मी घेतली. तिने ऐकून घेतलं. मग उठून पडवीत गेली. वडिलांचा पंचा वाळत घालायची दोरी तिथे खांबांना बांधलेली होती. अजून मी आंघोळीनंतर त्याच दोरीवर टॉवेल टाकतो.

"तुज्याकडून आले त्या दिवशी हितं बांधली," ती म्हणाली. "मी म्हटलं, गाठी सोडून देते. तर म्हणाले, राहू दे, त्याला लागंल."

मी टॉवेल बाजूला केला. दोरीवर दोन गाठी होत्या. मी त्यांच्यामध्ये बोटं ठेवली. दोनच बसली.