बिघडलेल्या बिअरचं कौतुक

माझ्या नवऱ्याचे कॉलेजचे मित्र निवृत्त झाले आणि त्यांना एकाएकी बिअरमधलं कळायला लागलं. तोवर ही मंडळी समोर येईल ती प्यायची, थंड असली म्हणजे झालं. मग त्यांच्यातल्या एकाने रिहे नावाच्या खेड्यात फार्महाऊस बांधलं आणि महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तिथं जमायचं ठरलं. प्रत्येक जोडप्याने दोन बाटल्या आणायच्या, एक आपल्या आवडीची आणि एक आजवर कधीच न प्यायलेली. मी आनंदाने हो म्हणाले. बँकेत नोकरीला होते तेव्हापासून दर शनिवारी आम्ही नवराबायको एक बाटली अर्धी अर्धी पितो. नवीन काही चाखायला मिळालं तर मला हवंच होतं.

पहिल्याच रविवारी माझा उत्साह निम्मा झाला. ग्लासात नाक खुपसून बसलेले पाच म्हातारे. एकाला संत्र्याच्या सालीचा वास येत होता, दुसऱ्याला ओल्या गवताचा. त्या दुसऱ्याला आमटीत मीठ नाही हे बायकोने सांगितल्याशिवाय कळत नाही, हे मला तिनेच सांगितलेलं आहे. आम्हा बायकांसाठी यजमानाने वेगळी बाटली काढली. "वहिनी, तुम्हाला ही झेपेल. पीचची आहे." ती खोकल्याच्या औषधासारखी लागली. मी नेलेली काळी, कडू बिअर त्यांनी एकेक घोट घेऊन बाजूला सारली. जुन्या वळणाची आहे म्हणे.

तरी मी जात राहिले. अधूनमधून एखादी खरंच चांगली निघायची, आणि रिह्याची हवा तर छानच असते.

चौथ्या की पाचव्या खेपेला यजमानाने स्वतः केलेली बिअर पुढे आणली. शेजारच्या शेतातला आंबेमोहोर तांदूळ घेऊन, मोबाइलवर व्हिडिओ बघून, बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या पिंपात त्याने ती दोन आठवडे आंबवली होती. रंग तांदळाच्या धुवणासारखा. ग्लास तोंडाशी नेला तर ओल्या राहिलेल्या पोछ्याचा वास. घोट घेतला आणि जीभ आखडली. ती बिघडलेली होती, त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

मग एकजण म्हणाला, "धाडसी आहे." दुसरा म्हणाला, "फंकी." माझा नवरा "वेगळीच आहे" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. सगळे माझ्याकडे वळले. तीस वर्षं काउंटरवर बसून भल्याभल्यांना "सही जुळत नाही" असं तोंडावर सांगितलेली बाई मी. मी म्हणाले, "छान आहे. जरा आंबटसर." त्या वाक्याची मला अजून किळस येते.

तेवढ्यात शेजारची बाई भाकरी आणि कोंबडीचा रस्सा घेऊन आली. माझ्याच वयाची, थोरल्या घरची. फार्महाऊसची जागा तिच्या दिरानेच विकलेली. यजमान मात्र तिला घरच्या स्वयंपाकिणीसारखी हाक मारायचा. त्याने तिच्या हातात ग्लास दिला आणि व्हिडिओ काढायला मोबाइल तिच्यासमोर धरला. "घ्या मावशी, तुमच्याच तांदळाची आहे. सांगा कशी झालीय."

तिने वास घेतला, घोट घेतला, शांतपणे पायरीपाशी जाऊन थुंकला आणि परत आली.

"सायेब, ह्ये नासलंय. फेकून द्या. प्वाट बिघडंल."

सगळे हसले. यजमान सगळ्यात मोठ्याने. "मावशी, ही चव शिकावी लागते."

"नासल्यालं वळखाया काय शिकायचं?" ती म्हणाली. "आन त्यो फोन खाली करा आदी."

मोबाइल खाली झाला नाही. मी उठून मधे उभी राहिले आणि म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. बिअर नासली आहे. मी मघाशी खोटं बोलले." यजमानाचा चेहरा उतरला. बाकीचे आपापल्या ग्लासात बघत बसले आणि एकाने तर, केवळ मैत्रीखातर, आणखी एक घोट घेतला.

मी माझ्या काळ्या बिअरची बाटली उचलून बाहेर पायरीवर गेले. तिला विचारलं, घेणार का. तिने आत एकदा बघितलं आणि माझ्या शेजारी टेकली. थोडी प्यायली.

"लई कडू हाय."

"आवडली नाही?"

"न्हाई. पर खराब न्हाई." मग पदराने ओठ पुसत म्हणाली, "तांदूळ मागितला तवा मला वाटलं, पावन्यांना भात घालायचाय. आदी सांगितलं आसतं तर दिलाच नसता."

त्या संध्याकाळी यजमानाने तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला, खाली हसणारे चेहरे. मी तो काढायला सांगितला. "वहिनी, गंमत आहे हो," असं उत्तर आलं. मी ग्रुपमधून बाहेर पडले आणि परत रिह्याला गेले नाही. त्यानंतर त्याने नवऱ्याला सांगितलं म्हणे, वहिनींना बिअरमधलं फारसं कळत नाही.

नवरा अजून जातो. मैत्री आहे, मोडवत नाही, म्हणतो. मागच्या रविवारी घरी आला तो रात्रभर जुलाबाने हैराण. मी त्याला मीठसाखरेचं पाणी करून दिलं. कशी होती, हे काही विचारलं नाही.