जिन्यातला आवाज

माझी बायको गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात, एका कोरड्या दुपारी, ती आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बोलली.

मी जेवून आडवा झालो होतो. खालून तिचा आवाज आला. मोर्च्यात बोलायची तसा, ठाम, प्रत्येक शब्द सुटा. "पाणी चढतंय. तळमजल्यावरच्यांनी वर या. जिन्यात थांबू नका, वर चला. म्हाताऱ्या माणसांना हात द्या." थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा तेच.

मी "आलो आलो" म्हणत उठलो, चष्मा शोधला, दारापर्यंत गेलो, आणि कडीला हात लावल्यावर मला आठवलं की ती नाही.

खाली सगळी बिल्डिंग जमली होती. तळमजल्यावरच्या मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडात. मला बघून म्हणाल्या, "भाऊ, ती गेली ना? मंग बोलतंय कोन?"

बोलत होता तो भोंगा. बायकोनंच बसवलेला. गेटजवळच्या गटारात तिनं पाण्याच्या टाकीत असतो तसा एक फ्लोट लावला होता. गटार भरलं की फ्लोट उचलला जायचा, आमच्या पॅसेजमधल्या लाकडी खोक्यातला छोटा कॉम्प्युटर जागा व्हायचा आणि तिचा रेकॉर्ड केलेला आवाज जिन्यात सुरू व्हायचा. त्या दुपारी फ्लोटखाली कुणीतरी टाकलेला थर्माकोलचा तुकडा अडकला होता. मी काठीनं तो काढला. आवाज वाक्याच्या मधेच थांबला.

आम्ही आंबिवलीला राहतो. बिल्डिंगच्या मागे थोडी मोकळी जमीन आणि पलीकडे नदी. बायको टेलिफोन खात्यात होती, आयुष्यभर केबल जोडल्या, आणि उरलेला वेळ बायकांच्या संघटनेला दिला. पाण्यासाठी, रेशनसाठी, कल्याणला हंडा घेऊन जाणाऱ्या मोर्च्यांत ती पुढे असायची. रिटायर झाल्यावर तिचं बंड घरात शिरलं. गच्चीवर ड्रमांत ओल्या कचऱ्याचं खत, जुन्या कॉम्प्युटरना नवा जीव, घरातले सगळे फोटो कुठल्या कंपनीकडे न ठेवता आमच्याच कपाटातल्या एका मशीनवर. ती म्हणायची, "आपल्या घराची चावी दुसऱ्याच्या खिशात कशाला?" लोक हसायचे. मीसुद्धा हसायचो, आणि तिच्याबरोबर ड्रम ढवळायचो.

भोंग्याचं खूळ मागच्या पुरानंतरचं. त्या वेळी धोक्याचा मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. मावशींकडे बटणांचा साधा फोन, तोही बंद पडलेला. त्यांचा सासरा खाटेवर होता. पाणी खाटेला लागलं तेव्हा कुठे त्यांना जाग आली. म्हातारा वाचला, पण त्यानंतर तो पार खचला आणि दिवाळीही पाहिली नाही. बायको कितीतरी दिवस तेच बोलत होती. "ज्याच्याकडे फोन नाही त्यानं बुडायचं, असं ठरलंय का?" मग तिनं भोंगा आणला, गच्चीवर जुनं सोलर पॅनेल लावलं, पॅसेजमध्ये बॅटरी ठेवली, म्हणजे वीज गेली तरी चालेल. आवाज आमच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केला. शेवटी अगदी बारीक ऐकू येतं, "अरे, दूध बघ." ते मला उद्देशून होतं. मी म्हटलं, पुन्हा कर. ती म्हणाली, "राहू दे. घरातलं माणूस बोलतंय हे कळू दे लोकांना."

तो भोंगा खऱ्या पाण्यासाठी वाजायच्या आत ती आजारी पडली. पोटाचं दुखणं. शेवटी शेवटी तिचा आवाजच गेला होता. मी तिच्या ओठांजवळ कान नेऊन ऐकायचो आणि बऱ्याचदा मला काहीच कळायचं नाही, तरी मी हो म्हणायचो.

थर्माकोलच्या प्रकारानंतर सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी तरुण, ठाण्याला कुठल्याशा कंपनीत कामाला, स्वभावानं चांगला. तो म्हणाला, "काका, काकूंबद्दल रिस्पेक्ट आहेच. पण पोरं घाबरलीत. माझी मुलगी जिना उतरायला तयार नाही. एक अ‍ॅप आहे, कॅमेरेपण लावून देतात, अलर्ट डायरेक्ट फोनवर येतो."

"आणि ज्यांच्याकडे तसला फोन नाही?" मी विचारलं. माझ्या तोंडून तिचंच वाक्य निघालं होतं आणि ते सगळ्यांना कळलं.

"काका, आता सगळ्यांकडे असतो हो."

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मलाही तो आवाज नको झाला होता. त्या दुपारपासून मी जिना एकटा चढायचा थांबलो होतो. कुणीतरी सोबतीला येईपर्यंत खाली उगाच रेंगाळायचो. भोंग्याकडे बघायचो नाही. दोन दिवसांनी स्टूल घेतलं, पक्कड घेतली आणि वायर काढायला उभा राहिलो.

मावशी दारातून बघत होत्या. "काढताव?"

"हो. तुम्हालाच सगळ्यात जास्त भीती वाटते ना?"

"भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "रातचं दार उघडत नाय मी. पन भाऊ, काढू नका. दुसरं कोन बोललं तं मी कूस बदलून झोपंन. ती बोलली तं उठंनच."

मी स्टुलावरून खाली उतरलो.

पावसाळ्यात, एका रविवारी सकाळी, नदी आली. रात्रभर पाऊस होता, वर धरणाचे दरवाजे उघडल्याचं कुणीतरी म्हणत होतं. वीज पहाटेच गेली होती, मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही चहा पीत खिडकीतून पाण्याकडे बघत होतो, अजून लांब आहे असं म्हणत होतो. पाणी मागून येईल असं सगळ्यांना वाटत होतं; ते पुढून, गटारातून आलं. आणि ती बोलली.

"पाणी चढतंय."

मी खाली धावलो तेव्हा मावशी आधीच पहिल्या जिन्यावर होत्या, एका हातात पिठाचा डबा, दुसऱ्या हातात कोंबडी. त्यांच्या मागून शेजारच्या खोल्यांतली माणसं, गाद्या, सिलिंडर. सेक्रेटरीनं कंबरभर पाण्यातून एका आजारी बाईला पाठीवर घेऊन आणलं. तळमजला भरेपर्यंत तिथे एकही माणूस उरलं नव्हतं.

मग आम्ही सगळे जिन्यात बसून राहिलो. घरं उघडी होती, तरी कुणी आत जाऊन बसेना. खाली पाणी तसंच होतं, फ्लोट वरच होता, त्यामुळे ती बोलतच राहिली. ती बोलायला लागली की सगळे गप्प व्हायचे. एकदा वरच्या मजल्यावरचे आजोबा "हो ताई, आलो ना आम्ही" असं म्हणाले, आणि कुणीही हसलं नाही. सेक्रेटरीची मुलगी बापाच्या मांडीवर बसून दर वेळी ओठ हलवत ते शब्द म्हणत होती. मी मात्र शेवटच्या त्या बारीक तीन शब्दांची वाट बघायचो. ते फक्त मलाच ऐकू येत असावेत. एकदा तर मी उठून वर गेलो आणि गॅसपाशी जाऊन उभा राहिलो. ओट्यावर काहीच नव्हतं.

ऊन नव्हतं, त्यामुळे बॅटरी भरत नव्हती. दुपारनंतर आवाज खरखरायला लागला. मग शब्द तुटायला लागले. "पाणी..." आणि नुसती खरखर. "म्हाताऱ्या..." आणि पुढे श्वासासारखं काहीतरी. मला ते माहीत होतं. मी हे सगळं एकदा, हॉस्पिटलच्या खाटेशेजारी बसून ऐकलं होतं. मी कान भोंग्याजवळ नेला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणी मला थांबवलं नाही. शेवटी टक असा एक आवाज झाला आणि भोंगा बंद पडला.

मावशींनी कोंबडीला पोटाशी धरलं. "गेली बाय," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. बायको गेली त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी पन्नास माणसांचा चहा केला होता.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. आम्ही खराटे घेऊन चिखल काढत होतो, सेक्रेटरी फावड्यानं गेट मोकळं करत होता, आणि ऊन पडलं. गच्चीवरचं पॅनेल तापलं असेल, कारण एकाएकी, स्वच्छ, ठणठणीत आवाजात ती पुन्हा म्हणाली, "पाणी चढतंय." फ्लोट चिखलात वरच रुतून बसला होता. मावशींच्या हातून खराटा पडला.

मी बाळकुमला राहणाऱ्या आमच्या मुलीला फोन लावला; खोक्याचं काम ती आईकडून शिकली होती. ती संध्याकाळी आली. मी म्हटलं, "मला आईचा आवाज बदलायचाय."

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "बाबा, नक्की?"

"तिला विश्रांती नको का?" मी म्हणालो. खरं म्हणजे मला हवी होती.

खोक्याला कुलूप नव्हतं, पासवर्ड नव्हता. साधे स्क्रू होते. पुढच्या रविवारी मुलीनं ते जिन्यातच उघडलं आणि सेक्रेटरीला, मावशींना, येईल त्याला दाखवलं: फ्लोट असा काढायचा, बॅटरी अशी बदलायची, आवाज इथे ठेवायचा. अ‍ॅपचा विषय सेक्रेटरीनं काढला नाही. त्यानं फक्त भोंगा आणखी एक हात वर बसवायला हवा एवढं सुचवलं. नवा आवाज कुणाचा, यावर सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. त्या लाजल्या, नाही नाही म्हणाल्या, मग खाकरून एका दमात बोलल्या: "पानी आलं रं! उठा, वर चला, म्हाताऱ्यांना धरा!"

मुलीनं फ्लोट हातानं उचलून बघितला. जिना मावशींच्या आवाजानं भरून गेला. पोरं खिदळली. मावशी दचकून दोन पायऱ्या वर सरकल्या.

"माझाच आवाज नि मनाच भ्या वाटलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "भाऊ, मी गेल्यावर बी ह्यो असाच बोलंल?"

"कुणी बदलेपर्यंत," मी म्हणालो.

"मंग घाईनं बदलू नका," त्या म्हणाल्या, आणि उन्हात घातलेल्या गोधड्या उलटायला निघून गेल्या.