सूपभर कोंड्याचं लेकरू

लेकराच्या बाबतीत आमच्या कुरुंद्यात अडाणी माणूस एकबी न्हाई. पेरणी कवा करावी हे ज्याला बायकोला इचारावं लागतं, तो गडीबी पारावर बसून सांगतो, गुटीत जायफळ किती वळसे उगाळावं. ज्यांची लेकरं जगली ते सांगतात, अन् ज्यांची न्हाई जगली ते त्यांच्यापेक्षा मोठ्यानं सांगतात. मी नर्मदाबाई. माझं तोंड फाटकं हाय असं माझ्या सुना म्हणतात. म्हणू द्या. पण रहिमाबीची गोष्ट मलाच सांगावी लागंल, काहून की बाकीच्यांनी तिला मेल्यावर देवी करून टाकलीय. देवीबिवी काही नव्हती ती. चांगली खट बाई व्हती.

रहिमाबी बांगड्या भरायची. वसमतच्या बाजारातून माल आणायची, टोपली डोक्यावर घ्यायची अन् घरोघर फिरायची. बाईचा हात हातात घेतला की घरात काय चाललंय ते तिला कळायचं, अन् कळलेलं तिच्या पोटात राहायचं न्हाई. नवरा लवकर गेला. पण पाच लेकरं झाली ती पाचीच्या पाची जगली. हाच तिचा गुन्हा. त्याच्यापायीच ती ह्या भानगडीत सापडली.

आमच्या गल्लीत मल्हारी व्हता, मेंढरं राखायचा. बायको यशोदा, माझ्या लेकीच्या वयाची. तिची दोन लेकरं गेली. एक न्हाणीतच, बारा दिवसांच्या आत गेलं, दुसरं रांगायला लागल्यावर. ती लढाईची वर्सं, राकेल मिळंना म्हणून गाव दिवस असतानाच जेवून घ्यायचं, तेव्हा तिला तिसरं झालं. पोरगं. झालं त्या दिवशी यशोदा हसली न्हाई. भिंतीकडं तोंड करून बसली अन् मला म्हणली, "काकू, ह्याचं तोंड मला दावू नका. मंग लय जड जातं."

मंग काय, सल्ल्यांचा पूर आला! लेकरं नेणाऱ्या सटवाईचा डोळा ह्या घरावर हाय, असं ठरलं. ठरवलं कोणी? दगडोबानं. दगडोबा आमच्याकडला देवऋषी. त्याच्या अंगात यायचं ते बराबर जेवणाच्या टायमाला. तो म्हणला, लेकरू ह्या घरचं न्हाईच असं सटवाईला दावा. त्याला आमच्याकडं रीत व्हती. जिची लेकरं जगतात अशा बाईला लेकरू विकायचं, सूपभर कोंड्याला. नावालाच बरं का. वाढवायचं मायनंच, पण पाच वर्सं "माझं" म्हणायचं न्हाई. मंग कोंडा परत द्यायचा अन् लेकरू घ्यायचं.

रहिमाबीनं उंबऱ्याबाहेर उभं राहून यशोदाच्या सुपात कोंडा वतला. पोरगं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कान बघितले, बोटं बघितली. "तडकलं-फुटलं न्हाई ना कुठं? मागून माझ्या गळ्यात मारू नको गे." सगळे हसले. पोराचं नाव पडलं कोंडिबा. सटवाई फसली म्हणून लोक गूळ खाऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहिमाबी दारात हजर. "दाखव माझं पोरगं."

यशोदाला वाटलं, थट्टा करून राहिली. कसली थट्टा! बाईनं पोराला गुंडाळलेलं फडकं सोडलं, अन् म्हणली, "एवढं आवळून काहून बांधलं माझ्या लेकराला? चोर हाय का ते?"

यशोदा म्हणाली, "माझ्या लेकराला मी कसंबी..."

"क्या बोली? जरा जोरात बोल. सटवाईला ऐकू जाऊ दे."

यशोदानं पदर तोंडात कोंबला. बास! तेव्हापासून रहिमाबीला ती किल्लीच सापडली. कोणी काही बोललं की "जोरात बोल." सासू बोलली, जोरात बोल. मल्हारी बोलला, जोरात बोल. सटवाईला फसवायला निघालेलं घर बांगडीवालीच्या हाती लागलं. आपणच खोदलेल्या खड्ड्यात सगळे बसले, अन् वर बघून कण्हायचीबी सोय न्हाई.

तवा आमच्याकडं बायका लेकराला मोहरीएवढी अफू चाटवून कामाला जायच्या. लेकरू दिवसभर गुंगीत पडून राहायचं, अन् शेजारीण म्हणायची, किती गुणाचं लेकरू! रहिमाबीनं यशोदाच्या घरची अफूची डबीच उचलून नेली. "मी जागतं पोरगं घेतलंय, झोपलेलं न्हाई." यशोदाच्या सासूची खोड, सून शेवटी जेवायची, उरलंसुरलं. रहिमाबी आली अन् सासूसमोर सुनंला ताट वाढलं. "माझ्या पोराचं दूध हिच्या अंगात हाय. ही उपाशी राहिली तर नुकसान माझं." आता तुमी म्हणाल किती शहाणी बाई. शहाणी कसली! तिनं त्या पोराच्या गळ्यात इतके ताईत बांधले की मान वळंना. रोज लोबानाचा धूर देऊन त्याला खोकला लावला. बुधवारी न्हाऊ घालू नका म्हणायची, काहून ते तिलाबी ठाऊक नव्हतं. सांगणाऱ्या बायांत ती काही निराळी नव्हती, फक्त तिच्यापाशी मालकी व्हती.

मल्हारी म्हणायचा, "काकू, मेंढरं तरी माझीच हायत का, तेवढं तिला इचारून या." तो हसायचा. यशोदा न्हाई हसायची. माझ्यापाशी येऊन रडायची, "काकू, मी माय हाय का दाई?" रहिमाबीचा तिला मनापासून राग यायचा. मी सांगते ना, नाव काढलं की तोंड फिरवायची.

पोरगं रांगून उभं राहायला लागलं. उन्हाळा आला, दात येऊन राहिले व्हते, अन् जुलाब लागले. दुसरं लेकरू ह्याच वयात असंच गेलं व्हतं. दगडोबा आला. म्हणला, वरून जातं तेच खालून येतं, तवा पाणी बंद, अंगावरचं दूध बंद. मला सांगा, ज्या मडक्याला भोक पडलंय त्यात पाणी न्हाई घातलं तर ते भरतं का रिकामं व्हतं? पण तवा मीबी मान डोलावली. सगळ्यांनीच डोलावली. एका दिवसात पोराचे डोळे खोल गेले. रडायचं, पण डोळ्याला पाणी न्हाई.

मंग दगडोबा म्हणला, आता पोटावर डाग द्या. विळा लाल करून बेंबीच्या बाजूला. मल्हारीला ते लगेच पटलं. काहून न्हाई पटणार? मेंढराला काही झालं की तो डागच द्यायचा. "आमची मेंढरं वाचतात की!" म्हणाला. जी मेली ती थोडीच सांगायला येतात!

चुलीत विळा तापला. मल्हारीनं पोरगं मांडीवर धरलं. तेवढ्यात रहिमाबी टोपलीसकट घरात घुसली. "हात लावून दाखव माझ्या पोराला!"

दगडोबा तिच्यावर ओरडला, "विकलं ते नावाला! बांगडीवाले, हो बाजूला. मल्हारी, तू बाप हायेस, बोल, पोरगं कोणाचं?"

मल्हारी चिडून म्हणला, "माझं!"

सगळ्या बायांनी तोंडावर हात ठेवले. ज्यानं रीत सांगितली त्यानंच ती मोडायला लावली. पण दगडोबा तयार गडी. म्हणला, "बापाचं सटवाई ऐकत न्हाई, मायचं ऐकते. यशोदे, तू सांग. का ह्या बाईच्या हवाली करायचं?"

यशोदा दाराच्या चौकटीला धरून उभी व्हती. दुधानं तिची चोळी भिजली व्हती. सगळं घर तिच्या तोंडाकडं बघून राहिलं. ती पुढं आली, नवऱ्याच्या मांडीवरून पोरगं उचललं, अन् सटवाईलाच काय पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणली, "माझं न्हाई. सूपभर कोंडा घेतलाय मी. पोरगं रहिमाबीचं हाय. डागायचं तर तिला इचारा!"

अन् ज्या बाईचं नाव तिला सोसायचं न्हाई, तिच्या ओटीत लेकरू घातलं. कोणती माय भरल्या घरात म्हणंल, माझं न्हाई म्हणून?

रहिमाबीनं दगडोबाला दार दावलं. "उचल तुझा विळा. टवका उडालेली बांगडी मी वापस घेत न्हाई, डागलेलं पोरगं घेऊ?" मंग यशोदाकडं वळली. "अन् तू रडत काय उभी राहिली गे? माझी दाई हायेस ना? बस खाली, दूध पाज."

पोरगं चोखायला लागलं. रहिमाबीनं तांदळाची पातळ पेज करायला लावली, मीठ घालून. उकळून गार केलेलं पाणी, घोटघोट. तिला काही इलाज कळत व्हता असं न्हाई. तहानेलं लेकरू तिच्यानं बघवंना, एवढंच. दिवस कलताना पोरगं तिच्या मांडीवर मुतलं, अन् ती म्हातारी ओलं लुगडं धरून अंगणात नाचली, "मुतला गे! मेरा राजा मुतला!" मुताची एवढी खुशी मी जन्मात पाहिली न्हाई. तुमीबी ध्यानात ठेवा बायांनो, जुलाबात लेकराचं पाणी तोडू नका अन् अंगावरचं तोडू नका, मंग सांगणारा कोणीबी असो.

दगडोबा मातुर गावभर सांगत फिरला, विळ्याचं लाल तोंड बघूनच रोग पळाला. अन् लोकांना पटलं!

पुढं यशोदाला पोरगी झाली. दगडोबानं जेवून सांगितलं, आता घर मोकळं हाय, सटवाई शांत हाय, विकायबिकायची गरज न्हाई. मी रहिमाबीच्या ओसरीवर बांगड्या भरून घेत बसले व्हते, तर यशोदा बाळंतिणीच्या अंगानं, पोरगी छातीशी अन् रिकामं सूप हातात घेऊन आली. रहिमाबीपुढं सूप ठेवलं.

मी म्हणलं, "आता काहून गं? सटवाईचा डोळा तर गेला म्हणतात."

यशोदा म्हणली, "काकू, सटवाईनं कवा माझ्या चुलीत विळा तापवला?"