हळदीतला एकट्याचा फोटो
ओल्या हळदीचा वास आला की माझं बोट शटरवर थबकतं. काही वर्षांपूर्वी खरवईतल्या एका लग्नघरात मी हळदीचे फोटो काढत होतो. मांडवात डीजे धडधडत होता, तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या वडलांनी मला हाताला धरून ओटीवर नेलं. चांगला धडधाकट माणूस, गालांना हळद फासलेली. म्हणाले, "बाला, माझा एकट्याचा एक काढ. डोळे नीट दिसले पाहिजेत." त्यांची बायको आतून ओरडली, "लग्नाच्या घरात एकट्याचा कशाला? तसला मेल्यावर भिंतीवर लावतात!" ते नुसते हसले. त्यांच्या मागच्या भिंतीवर थोरल्या भावाचा हार घातलेला फोटो होता. फोकस बसल्याचा बीप आला आणि मी बटण दाबलं. स्क्रीनवर मोठा करून बघतो तर फोकस त्यांच्या खांद्यावरून सुटून मागे बसलेला. यांचा चेहरा पुसट, आणि गेलेल्या भावाचे डोळे मात्र पापण्यांसकट लख्ख. मी म्हटलं, "काका, परत काढू या." "उद्या वरातीत काढ," म्हणत ते नाचायला गेले. वरात निघालीच नाही. दहाव्याच्या आधी घरच्यांनी तोच फोटो मागून नेला, कारण त्यांचा एकट्याचा दुसरा नव्हताच. काल त्याच घरात पुन्हा हळद होती. भिंतीवर आता दोन फ्रेम आहेत. त्या फ्रेमसमोर काकांचे धाकटे भाऊ येऊन उभे राहिले, सदरा सारखा केला आणि म्हणाले, "आता माझा एकट्याचा एक काढ." मी फोकसचा ठिपका त्यांच्या डोळ्यावर धरला, तरी लेन्स मागच्या फ्रेमवरच जात राहिली.